थेंब टाकल्यानंतरचा एक तास

“किती दिवसांपासून दिसत नाही?” डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न मला नव्हता, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराला होता.

हवालदार भोईर म्हणाले, “मॅडम, त्यांनाच विचारा. डोळा त्यांचा आहे.”

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. वयाने लहान होत्या. कपाळावरच्या दिव्याचा झोत माझ्या उजव्या डोळ्यात टाकून, मध्ये भिंग धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग दिवा बंद केला.

“रेटिनल डिटॅचमेंट. मॅक्युला ऑफ. उशीर झालाय.”

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, तो रेटिना. समोरचं दृश्य त्याच्यावर उमटतं. त्याला भोक पडलं की आतलं पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटावा तसा पडदा सुटत जातो. त्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला. अक्षरं आणि चेहरे तिथे दिसतात. तो सुटण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुतेक वेळा वाचते. माझा सुटला होता.

मला काही वाटलं नाही. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता होता. तो मी डाव्या डोळ्याने शेवटपर्यंत वाचला.

मी ठाकुर्लीला राहतो. ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्या तपासायच्या, एवढंच काम. कोलशेतच्या वडिलोपार्जित जमिनीवरून आमच्या भाऊबंदांत मारामारी झाली. तक्रारीत माझंही नाव आलं आणि खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली मी जिल्ह्यातल्या एका कारागृहात कच्चा कैदी म्हणून गेलो. कच्चा कैदी म्हणजे खटला बाकी आहे, शिक्षा झालेली नाही असा. तो खटला अजून चालू आहे, म्हणून त्याविषयी इथे लिहीत नाही. हे डोळ्याविषयी आहे. ज्यांच्या घरातलं कुणी आत आहे, त्यांनी वाचावं.

सुरुवात काळ्या ठिपक्यांनी झाली. त्यांना फ्लोटर्स म्हणतात. नजरेसमोर चिलटं उडत असल्यासारखं वाटतं, आणि नजर हलवली की तीही हलतात. मला ती खरी वाटली. शेजारच्या सतरंजीवर झोपणारा रिक्षावाला म्हणाला, “पेपरवाले, मच्छर मारताय की टाळ्या वाजवताय?” बराक हसली. मीही हसलो.

मग डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. कारागृहात डॉक्टर एकच आणि त्यांच्यासमोरची रांग मोठी. ते म्हणाले, वाचता फार, नंबर वाढला असेल. डोळे ओले ठेवणारं औषध दिलं. पुढच्या आठवड्यात नाकाच्या बाजूने एक काळी सावली आली आणि खिडकीचा पडदा ओढावा तशी पुढे सरकू लागली. हे सांगितल्यावर मात्र त्यांनी कागदावर लिहून दिलं, बाहेरच्या रुग्णालयात न्यावे.

कैद्याला बाहेर न्यायचं तर पोलीस मुख्यालयाने माणसं द्यावी लागतात. आत त्याला ‘पार्टी’ म्हणतात. पार्टी आली नाही तर तारीख गेली. माझ्या सुरुवातीच्या तारखा अशाच गेल्या. त्यानंतर पार्टी आली, तीनदा आली, आणि घोळ तिथून सुरू झाला.

गाडी एकच. सकाळी ती न्यायालयीन तारखेचे कैदी कल्याणच्या कोर्टात उतरवायची, मग मला ठाण्याच्या बाजूला रुग्णालयात आणायची आणि दुपारी त्या कैद्यांना उचलायला पुन्हा कल्याणला जायची. संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी सगळ्यांची गिनती होते. त्याआधी सगळे आत हवेत.

डोळ्याच्या मागचा पडदा बघायचा तर बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी डायलेटिंग ड्रॉप्स टाकतात. थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा थेंब, आणि बाहुली पुरेशी मोठी व्हायला साधारण एक तास. तोपर्यंत डोळे मिटून बाकावर बसायचं. डॉक्टर त्यानंतर बघतात.

पहिल्या खेपेला सिस्टरने थेंब टाकले. मी डोळे मिटून बसलो. अर्ध्या तासात भोईरांनी खांद्याला हात लावला. “पेपरवाले, उठा. कल्याणची पोरं कोर्टात बसलीत. गिनतीला पोचलो नाही तर माझी वर्दी जाईल.”

सिस्टर म्हणाल्या, “अहो, तास झाल्याशिवाय डॉक्टर बघणार नाहीत.”

“मग पुढच्या वेळी बघतील.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना गाडीची वेळ माहीत होती, सिस्टरला थेंबांची. दोन्ही वेळा एकत्र धरायचं काम कुणाचंच नव्हतं.

परतताना शीळफाट्याला गाडी अडकली. मोठ्या झालेल्या बाहुलीत जाळीतून ऊन येत होतं. सगळं पांढरं दिसत होतं, एका बाजूने काळं. दुसऱ्या खेपेला असंच झालं. तिसऱ्या खेपेला मी सिस्टरला म्हटलं की थेंब नका टाकू, डॉक्टरांना असंच बघू दे. त्या म्हणाल्या, असं बघता येत नाही. थेंब टाकले. भोईर आले.

चौथ्या खेपेला माझी तपासणी झाली, कारण त्या दिवशी कल्याणच्या वकिलांनी काम बंद ठेवलं होतं. कोर्टातून कुणाला उचलायचं नव्हतं. भोईर बाकावर बसून चहा प्यायले. मीही प्यायलो. तास झाला, आणि वर लिहिलेलं निदान झालं.

शस्त्रक्रियेचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि तो दाबून राहावा म्हणून आत सिलिकॉन तेल भरतात. तेल तरंगतं, त्यामुळे नंतर काही दिवस तोंड खाली करून पडून राहावं लागतं. माझा एक पाय खाटेला साखळीने बांधलेला होता. पालथं झोपलं की साखळी पिळायची. रात्रपाळीच्या शिपायाने ती सैल केली आणि सकाळी साहेब यायच्या आधी पुन्हा आवळली. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

पट्टी निघाल्यावर डॉक्टरांनी कागदावर ‘हॅंड मूव्हमेंट’ लिहिलं. समोर हात हलवला तर हलतोय एवढं कळतं, बोटं मोजता येत नाहीत, इतकी नजर. “आणखी आधी आला असता तर,” त्या म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. मग डावा डोळा तपासला. त्यातही पडदा एका जागी विरला होता आणि बारीक भोक होतं. याला लॅटिस डिजनरेशन म्हणतात. भोवती लेसरने डाग दिले की पडदा तिथे घट्ट राहतो. आठवड्याभरात या, म्हणाल्या.

त्या आठवड्यात पार्टी आली नाही. पुढच्याही नाही.

मुलाखतीला बायको आली. माधवी शाळेच्या कार्यालयात नोकरी करते, मोजकं बोलते. मुलाखतीत मध्ये काच असते आणि बोलायला फोन. ती म्हणाली, “अहो, डावा डोळा झाका. मी दिसते का?”

मी झाकला. म्हटलं, काहीतरी हलतंय.

“मी हात हलवतेय.” तिने फोन थोडा वेळ बाजूला धरला. मग म्हणाली, “बरं. मी डोंबिवलीला वकीलबाईंकडे जाते.”

वकीलबाईंनी उच्च न्यायालयात याचिका केली. कैद्यालाही जगण्याचा हक्क आहे आणि त्यात उपचार येतात, हा आधार. समोर राज्य सरकार, कारागृहाचे अधीक्षक, तिथले डॉक्टर, पोलीस मुख्यालय आणि रुग्णालय. मागण्या दोन: डाव्या डोळ्याचा लेसर ताबडतोब, आणि उजव्याची भरपाई. सही घ्यायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “गेलेल्यासाठी सावकाश भांडू. आधी उरलेला.” एवढ्या दिवसांत कुणी माझ्याशी क्रम ठरवून बोललं, ते हे पहिलं.

उत्तरं आली. कारागृहाच्या प्रतिज्ञापत्रात होतं की निदानापूर्वीही बंदिवानास तीन वेळा रुग्णालयात नेण्यात आले होते. रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रात होतं की रुग्ण तिन्ही वेळा तपासणीपूर्वी निघून गेला. दोन्ही वाक्यं खरी होती. माझ्या टेबलावर आली असती तर मी दोन्ही पुढे पाठवली असती.

सुनावणीला मला नेलं नाही, पार्टी नव्हती. माधवी मागच्या बाकावर बसली होती. तिने सांगितलं की न्यायमूर्तींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सरकारी वकिलांना विचारलं, “बेडी घातलेला माणूस निघून कसा जातो?” सरकारी वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. न्यायमूर्ती म्हणाले, सांगा, पण लेसर त्याआधी करा. आदेशात एक ओळ जास्तीची होती: या कारागृहातल्या कोणत्याही कैद्याला, डॉक्टरांनी तपासून सही केल्याशिवाय, रुग्णालयातून परत आणू नये.

लेसर झाला. हिरवा प्रकाश, थोडी कळ, आणि दीड तासात काम संपलं. त्यातला बहुतेक वेळ थेंबांचा. भोईर बाजूला बसले होते. म्हणाले, “आता सहीशिवाय मलाच आत घेणार नाहीत. बसा निवांत.” मग म्हणाले, “मला त्या थेंबांचं माहीत नव्हतं हो. वाटायचं, औषध घातलं, झालं.” मी ठीक आहे म्हटलं. ठीक होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे जामीन झाला. भरपाईची मागणी न्यायालयात आहे, तारखा पडतात. दैनिकातलं काम सुटलं. एका डोळ्याने स्क्रीन फार वेळ वाचवत नाही, आणि चहा कपाबाहेर ओतला जातो. डावा डोळा शाबूत आहे.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. अचानक काळे ठिपके, चमक किंवा कडेने सावली आली तर त्या दिवशीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आत असलेल्या माणसाने ‘नंबर वाढलाय’ म्हटलं तर त्याला आणखी विचारा. ‘रुग्णालयात नेलं’ असं कळलं तर डॉक्टरांनी बघितलं का, हे विचारा. आमच्या घरी ते कुणी विचारलं नव्हतं.

परवा तपासणीसाठी त्याच रुग्णालयात गेलो होतो. माझ्या डोळ्यांत थेंब टाकले होते, शेजारी माधवी होती. पलीकडच्या बाकावर बेडी घातलेला एक कैदी बसला होता, आमच्याच कारागृहातला, डोळे मिटून. त्याच्याबरोबरच्या हवालदाराने सिस्टरला विचारलं, “किती वेळ?”

“तास लागेल.”

तो नवा होता, मला ओळखत नव्हता. त्याने घड्याळ बघितलं, फोन बघितला, दाराकडे बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसला.

मला बोलावलं तेव्हा माझी बाहुली मोठी झालेली होती आणि सगळं पांढरट दिसत होतं. तरी आत जाण्याआधी मी वळून पाहिलं. तो बसलेलाच होता.