समोरच्या दाराचा प्रोग्राम

निर्माल्य रोज उचलले तरी दुसऱ्या सकाळी देवघरात ते पुन्हा साठलेले असतेच. आमच्या देवघरात किश्श्यांचेही तसेच होते, कारण कळंबच्या आमच्या घरी इंटरनेट नीट चालते ते त्याच खोलीत. एका बाजूला माझी पूजा, दुसऱ्या बाजूला सूनबाई वैशालीचे ऑफिस. परदेशातील एका बँकेच्या मेनफ्रेमचे, म्हणजे अवाढव्य संगणकाचे, काम ती इथून करते. जोडीला बाभुळगावकडच्या तांड्यावरून मोटारसायकलने येणारा तिचा सहकारी गणेश राठोड.

यंदा पुण्याच्या साहेबांनी बजावले होते : मुख्य प्रोसेसरवरचा भार उतरला नाही, तर घरून काम बंद, दोघांनी पुण्याला यायचे. माझ्या पत्नीची दृष्टी गेली आहे. तिची वेणी रोज वैशालीच घालते. त्यामुळे मेनफ्रेमचा भार आमच्याही घरावर आला होता.

*

काम मुळात संथ चालत होते. वैशालीने मला समजावले, "बाबा, प्रोग्राम दर प्रश्नाला डेटाबेसचं नवं कनेक्शन उघडतो. दार उघडायचं, ओळख सांगायची, एक प्रश्न विचारायचा, दार लावायचं. पुन्हा तेच."

आतून पत्नी म्हणाली, "मंग दार उघडंच ठेवा नं."

"तेच करून राह्यलो, आई. पण किती दारं उघडी ठेवायची, यावर आमचं दोघांचं भांडण सुरू आहे."

"जितके भांडनारे, तितकी ठेवा."

*

वेग वाढला, भार तसाच राहिला. त्या यंत्रात मुख्य प्रोसेसरशेजारी एक मदतनीस प्रोसेसर असतो. तो मुख्याचा भार हलका करतो, परंतु ठरावीक प्रकारचीच कामे स्वीकारतो. एका सकाळी मी आरती आटोपत असताना गणेश फोनवर खिन्नपणे म्हणाला, "नाही सर, आपण एलिजिबल नाही."

एलिजिबल म्हणजे पात्र, एवढे इंग्रजी मलाही येते. ज्याच्यासमोर कोणाची पात्रता विचारली जात नाही, त्याच्यापुढे बसून या मुलाने असे बोलावे, हे मला सोसवेना. मी नैवेद्याचा पेढा त्याच्या हातावर ठेवला. "तू पात्र नाहीस, असे कोण म्हणते?"

"काका, मी नाही. माहा प्रोग्राम."

मी दुसरा पेढा कीबोर्डशेजारी ठेवला. फोन संपेपर्यंत गणेशने तो जपला, आणि मग प्रोग्रामच्या वतीने खाल्ला.

*

गणेश आमच्याकडे मागच्या दाराने येतो, घरच्यासारखा. एकदा तो कुरकुरला, "काकू, मले येऊन तास झाला, चहा नाही. समोरून तो विमेवाला आला, तर त्याले लगेच कप."

"तो पाव्हना होय. तू घरचा. घरच्यायचा चहा घरच्यायसंगं."

वैशाली हसली. "गणेशभाऊ, आपल्या प्रोग्रामचंही हेच दुखणं आहे. तो त्याच यंत्रात राहतो, म्हणून डेटाबेसकडे थेट आतल्या वाटेनं जातो, आणि सगळं काम मुख्यावर पडते. तेच प्रश्न नेटवर्कवरून, परक्यासारखे आले, तर त्यातलं बरंच काम मदतनीसासाठी पात्र ठरते."

"म्हणजे घरच्यानं फेरा मारून समोरून यायचं?"

"फेऱ्याला वेळ थोडा जास्त लागेल. भार उतरेल."

दुसऱ्या दिवशी समोरच्या दारावर टकटक झाली. "पाव्हना आलो, काकू."

पत्नीने मला तत्काळ चहा ठेवायला लावले. गणेशने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "साखर नाही, काकू?"

"पाव्हन्याले इचारूनच टाकतो आम्ही."

*

प्रोग्रामला समोरच्या वाटेने पाठवण्याच्या चाचणीच्या आठवड्यात पत्नी स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. वैशालीने विचारले, "काहून, आई?"

"सवय करून राह्यली."

चाचणीच्या दुपारी गणेश पडद्याकडे पाहत होता, मी जपमाळ घेऊन बसलो होतो. साहेबांचा फोन आला. वैशालीने सारे ऐकून घेतले, "हो सर" म्हणाली, फोन ठेवला आणि आम्हां दोघांना काही न सांगता मागच्या दाराने बाहेर पडली.

थोड्या वेळाने समोरचे दार वाजले.

"कोन?" पत्नीने खाटेवरून विचारले.

"पाव्हनी आली, आई."

"किती दिवसाच्या मुक्कामाले?"

"तुम्ही जाय म्हणाल तोवर."

पत्नीने त्या सकाळी एकटीने घातलेली वाकडी वेणी सावकाश सोडली, आणि फणी दाराच्या दिशेने पुढे धरली.