खलिफा सिटीतली गोधडी

मुंबईहून अबुधाबीला निघालेल्या विमानात मी मांडीवर गोधडी घेऊन बसले होते. सामानात टाक, असं साताऱ्यात सगळ्यांनी बजावलं होतं. पण सामान हरवल्याच्या बातम्या मी फार वाचते. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, बाई गारठल्यात. त्यांनी हात लांबवून माझ्या डोक्यावरची हवेची झडप बंद केली आणि उरलेला प्रवास मी घामाघूम होऊन केला. कुणी चांगुलपणा दाखवला की मला नको म्हणता येत नाही.

गोधडी अर्धवट होती. आई गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारपणात ती ही गोधडी माझ्या धाकट्या बहिणीसाठी, नीलूसाठी शिवत होती. स्वतःच्याच जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक, आणि पांढरा धावदोरा. तिच्या आधीच्या गोधड्यांचे टाके बारीक आणि एका रेषेत असायचे. ह्या गोधडीतले लांब होते, वाकडे होते, एखादी ओळ मध्येच दुसरीत घुसलेली. नजर अधू झाली होती, हात कापायचा. तरी निम्म्यापर्यंत आणली होती तिनं.

नीलू खलिफा सिटीत राहते. आई गेली तेव्हा तिचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला होता, त्यामुळे तिला येता आलं नाही. अंत्यविधी तिनं मोबाईलवर पाहिला. नंतर आईच्या वस्तूंपैकी तिनं एवढीच मागितली. सोनं नको, भांडी नकोत, म्हणाली, ती गोधडी तेवढी घेऊन ये.

अबुधाबीच्या विमानतळावर तपासणीला एक तरुण अधिकारी होता, पांढराशुभ्र कंदुरा (पुरुषांचा पायघोळ झगा) घातलेला. त्यानं गोधडी उलगडायला लावली, दोन्ही बाजूंनी चाचपली. "हे काय?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "ब्लँकेट," मी म्हटलं. त्यानं बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खलास, यल्ला," (झालं, चला) म्हणाला. ह्या देशात पांघरूण घेऊन येणारी मी पहिलीच असेन, असा त्याचा चेहरा होता.

खलिफा सिटी विमानतळाजवळच आहे. रुंद रस्ते, उंच भिंतींआडचे व्हिला, आणि फुटपाथवर माणूस नाही. आकाश निळं असेल असं मला उगीचच वाटलं होतं. ते धुळीनं मळकट पांढरं होतं. नीलूची मुलगी ईरा दारातच भेटली. "हाय मावशी! हाऊ वॉज युअर फ्लाइट?" मी मराठीत सविस्तर उत्तर दिलं, तिनं "ओ नाइस" म्हटलं आणि खोलीत गेली. मुलगी गोड आहे, फक्त लवकर संपते.

नीलूनं गोधडी डायनिंग टेबलावर पसरली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती नुसती एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिली, सुरुवातीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत, आणि मग पुन्हा सुरुवातीपासून.

"ताई, ही कम्प्लीट करून घ्यायची," ती म्हणाली. "दुबईला, इंटरनॅशनल सिटीत एक क्विल्टिंगचं शॉप आहे. मी ऑनलाइन बघून ठेवलंय."

"राहू दे की अशीच."

"नको गं. आईचं काही अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही. तिचे टाके आहेत तिथवर तिचे, पुढचं त्यांनी करायचं. मला पांघरायचीय ती."

मला शिवण येत नाही, नीलूला बटण लावता येत नाही. आईनं दोघींना शिकवायचे खूप प्रयत्न केले होते. तेव्हा माझा विरोध तिथंच संपला.

शनिवारी नीलूनं गाडी काढली. अबुधाबी ते दुबई रस्ता सरळसोट आहे. दोन्हीकडे वाळू, विजेचे खांब आणि मध्येच ओळीनं लावलेली खजुराची झाडं. वाटेत पेट्रोल पंपावर आम्ही गाडीतच बसून कडक (आटवलेल्या दुधाचा वेलदोडा घातलेला चहा) घेतला. चहा नावाप्रमाणेच होता. नीलूनं मागच्या सीटवरची गोधडी हात मागे नेऊन दोनदा चाचपली.

इंटरनॅशनल सिटीत इमारती एकसारख्या, खाली किराणा, सलून, मोबाईलची दुकानं, वर बाल्कन्यांमध्ये दाटीवाटीनं वाळत घातलेले कपडे. अशाच एका तळमजल्यावर ते दुकान होतं. दार उघडलं आणि मी क्षणभर दुःख वगैरे विसरले. कापडाचे शेकडो छोटे गठ्ठे रंगांप्रमाणे लावलेले, आधीच कापून ठेवलेल्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या, आणि मधोमध टेबलाएवढं नव्हे, खोलीएवढं मशीन. नक्षी कॉम्प्युटरवर निवडायची, मशीन आपलं आपण शिवत जातं.

मालकीण मार्गरेट, दक्षिण आफ्रिकेची, नाकावर उतरलेला चष्मा, गळ्यात मापाची टेप. तिनं हौसेनं दुकान दाखवलं. सध्या दोन गोष्टींची चलती आहे, म्हणाली. एक आठवणींची क्विल्ट: गल्फ सोडून जाणारी कुटुंबं मुलांचे शाळेचे गणवेश, जुने टी-शर्ट आणून देतात. आणि दुसरी फॅशन मुद्दाम वाकड्या शिवणीची. कोपऱ्यात तिच्या वर्गाला आलेल्या चार बायका पट्टी न वापरता वाकडं कापायला शिकत होत्या. आमच्या घरी वाकडं शिवलं की आई उसवायला लावायची. इथं त्याचा क्लास होता.

नीलूनं गोधडी टेबलावर ठेवली. "आईनं सुरू केली होती," ती इंग्रजीत म्हणाली. "ती आता नाही. तुम्ही पूर्ण करून द्याल?"

मार्गरेटनं चष्मा वर केला, टाक्यांवरून हात फिरवला. "वाः! तुमच्या आईनं किती छान तयारी करून ठेवलीय," ती म्हणाली. "माझं अर्धं काम झालं. आय विल टेक गुड केअर ऑफ हर."

'हर' म्हणाली ती, 'इट' नव्हे. नीलूचे डोळे पहिल्यांदा भरून आले. परतीच्या वाटेवर ती खूप दिवसांनी बोलत सुटली: आईची आमटी, आईचं ओरडणं, शाळेच्या स्वेटरला पडलेलं भोक. दुकान आवडलं मला, असंही म्हणाली.

पुढचा आठवडा मी पाहुणी म्हणून काढला. नीलूचे यजमान संजय कंपनीच्या साइटवर. रात्री येत, जेवत आणि झोपत. एका संध्याकाळी आम्ही समुद्रकाठी गेलो. पाणी स्वच्छ, लाटा जवळजवळ नाहीतच, आणि हवा इतकी दमट की चष्म्यावर वाफ धरली. किनाऱ्यावर कुटुंबं चटया पसरून जेवत होती. आम्ही सँबूसा (समोसाच, पण छोटा आणि कुरकुरीत) खाल्ले. माझ्याकडे आईच्या शेवटच्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं खूप होतं, पण नीलू विचारत नव्हती आणि मी आपणहून सांगत नव्हते. ते महिने माझे होते, तिच्या वाट्याला आलेच नव्हते.

गोधडी तयार असल्याचा मेसेज आला तेव्हा नीलूनं ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली.

मार्गरेटनं ती मोठ्या टेबलावर पसरून ठेवली होती. सुंदर होती, हे मला मान्य केलंच पाहिजे. कडेला निळी गोट, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वेलबुट्टीची नक्षी, एकही टाका इकडचा तिकडे नाही. आईच्या साड्या ओळखू येत होत्या. मी पांढरा दोरा शोधू लागले.

"मशीनचं काम सोपं होतं," मार्गरेट आनंदानं सांगत होती. "वेळ लागला तो कच्चे टाके काढायला. किती घातले होते तिनं! कापड जुनं, फाटेल म्हणून मी एकेक टाका हातानं कापून काढला. नंतर वाफेची इस्त्री फिरवली. बघा, सुईचं एक भोकसुद्धा दिसत नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. तिच्या धंद्यात थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालतात आणि खरं शिवण झालं की ते काढून टाकतात. लांब, वाकडे, पांढऱ्या दोऱ्याचे टाके तिनं आयुष्यभर असेच काढले असतील. गोधडीत तेच खरं शिवण असतं, हे तिला कुणी सांगायचं? आम्हाला सांगावंसं वाटलं नाही, कारण कुणी आईचे टाके काढेल हे आमच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

"तो दोरा?" मी विचारलं.

"टाकला. का? हवा होता?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नीलूनं माझं मनगट धरलं. "इट्स ब्यूटिफुल," ती मार्गरेटला म्हणाली. "थँक यू सो मच." मार्गरेटनं तिला मिठी मारली. तिचे स्वतःचेच डोळे ओले झाले होते. त्या बाईवर रागावायला जागाच नव्हती, आणि मला तर राग फार आला होता.

गाडीत बसल्यावर नीलूनं किल्ली लावली नाही. दुपारचं ऊन काचेवर होतं.

"सांगायला हवं होतं तिला," मी म्हटलं.

"कशाला? तिनं प्रेमानं काढलेत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तू जवळ होतीस ताई. तू बघितलंस तिला ते घालताना. मला तेवढंच बघायचं होतं, कुठं तिचा हात थांबला." एवढं बोलून ती रडली. तिथं, पार्किंगमध्ये, आई गेल्यानंतर प्रथमच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गोधडी तिनं घडी करून कपाटात ठेवली. मी निघेपर्यंत ती पांघरलेली मला दिसली नाही.

परतीच्या विमानात माझी मांडी रिकामी होती. खिडकीबाहेर रात्रीचे दिवे सरळ रेषेत आखलेले होते. लोक अशा प्रवासातून काहीतरी घेऊन येतात. मी असलेलं सोडून आले, एवढंच मनात येत राहिलं.

साताऱ्याला आबा, आमचे वडील, जागेच होते. मला पाणी दिलं, समोर बसले.

"झाली का पुरी?"

"झाली. छान झाली. निळी गोट लावलीय."

"तिचे टाके दिसतात ना?"

"दिसतात," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली. "दोरा मीच ओवून द्यायचो. तिला सुई दिसायची नाही. बोटानं चाचपत घालायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही." ते उठले, दिवा घालवायला गेले आणि बटणापाशी थांबले.

"नीलूला फोन करशील तेव्हा सांग, धुताना मशीनला लावू नको म्हणावं. ढिले आहेत ते. निघून येतील."

"सांगते," मी म्हटलं.