डिक्कीतले सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ इंगळे गाडीला झोपवत असत. बॅटरी उतरणारी गाडी त्यांच्या दुकानासमोर आली, की ते बॉनेट उघडत, बॅटरीची एक वायर काढून मध्ये आपला मीटर जोडत, गाडी लॉक करून चावी शर्टाच्या खिशात टाकत आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना दटावत, "आता कोनी हात लावाचा नाई. गाडी झोपून राह्यली."

यात शास्त्र होतं. हल्लीच्या गाड्या बंद केल्यावरही अर्धा तास आतल्या आत जाग्या असतात, थोडा थोडा करंट खात असतात. त्या पुरत्या निवल्याशिवाय बॅटरी कोण पितंय हे मीटरला कळत नाही. मात्र त्या अर्ध्या तासात कुजबुजत बोलायची काहीच गरज नव्हती. ती सुखदेवभाऊंची स्वतःची भर होती. नांदुऱ्याच्या त्या रस्त्यावर अर्धा अर्धा तास माणसं एकमेकांच्या कानात चहा सांगत. कुल्फीवाला हाताने घंटा धरून पुढे जाई.

उंची बेताची, पोट बेताबाहेरचं, खिशात टेस्टर आणि कपाळावर चष्मा, जो ते दिवसातून चार वेळा शोधत. भेटल्यावर "जयभीम सर" आणि लगेच दुसरं वाक्य, "गाडीत शेवटी कोन बसलं होतं?" मीटर लावण्याआधी ते घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेत. कोणी म्हणालं, "भाऊ, बॅटरी अचानकच गेली हो," तर त्यांना राग येई. "बॅटरी अचानक मरत नसते. आपल्याले अचानक समजते."

मी वडनेर भोलजीच्या शाळेत शिक्षक, राहायला नांदुऱ्यात. जुनी पांढरी गाडी मी हौसेने घेतली होती आणि शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती पहिल्याच दिवशी नापास केली होती. तरी वर्षभर गाडी चांगली चालली. मग एका सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'टक्' झालं. शेजाऱ्यांनी ढकलून सुरू करून दिली. तीन दिवसांनी पुन्हा 'टक्'. नवी बॅटरी बसवली. तिनेही चौथ्या दिवशी मान टाकली. गल्लीतली माणसं मला सकाळी येताना बघून बाह्या सरसावू लागली, तेव्हा शैला म्हणाली, "आता पुरे. विकून टाका."

मोताळ्याचे एक बागायतदार रविवारी अकराला गाडी बघायला येणार असं ठरलं. मला गाडी विकायची नव्हती. निदान आजारी म्हणून तरी विकायची नव्हती. म्हणून त्याच रविवारी सकाळी मी सुखदेवभाऊंना घरीच बोलावलं.

आल्या आल्या त्यांनी गाडी सुरू करायला लावली, मीटर बघितला आणि म्हणाले, "चार्जिंग बरोबर हाय. बॅटरी नवी हाय. म्हंजे बंद गाडीत कोनीतरी बसून पेऊन राह्यलं." मग उलटतपासणी सुरू झाली.

"सर, या महिन्याभरात गाडीत काही वेगळं झालं? काही बसवलं, काही वाहून आनलं?"

"काही नाही."

"डिक्कीत?"

"स्टेपनीशिवाय काही नसतं," मी म्हणालो. शैला तिथेच उभी होती.

सुखदेवभाऊंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "गाडी खोटं बोलत नाई, सर," एवढंच ते म्हणाले.

गाडी झोपवली गेली. आम्ही अंगणात कुजबुजत पोहे खाल्ले. शैलाला हा प्रकार पसंत नव्हता, पण तीसुद्धा "मीठ बरोबर आहे ना?" हे माझ्या कानातच म्हणाली. अर्ध्या तासाने मीटर बघितला तर गाडी झोपलीच नव्हती, करंट चालूच होता. सुखदेवभाऊ बॉनेटखालच्या डब्यातले फ्यूज एकेक उपटत गेले. सातवा फ्यूज काढला आणि आकडा धप्पकन खाली आला.

"आतल्या लाइटाची लाइन," ते म्हणाले. काचेतून पाहिलं तर छताचा दिवा बंद होता. "मंग राह्यला डिक्कीतला." त्यांनी फ्यूज पुन्हा बसवला. "झाकन लावल्यावर तो विझते का नाई, आन नाई विझत तं काऊन नाई विझत, हे आतून पाहाले पाहिजे."

"आतून म्हणजे?"

"अंदाजाचं काम माह्याकडं नाई." त्यांनी डिक्की उघडली आणि आत डोकावून थोडा वेळ थांबले. मग चपला काढून, देवळात जावं तसे आत शिरले. गुडघे पोटाशी घेणं त्यांना शक्य नव्हतं. मग पोटच गुडघ्यांभोवती बसवून घेतलं. "लावा झाकन, सर. हळू लावजा, माहं डोकं हाय."

मी झाकण लावलं. खट्ट आवाज झाला. आणि लगेच आतून आनंदाची आरोळी आली, "चालू हाय! सर, लाइट चालूच हाय! सापडला चोर!"

"या मग बाहेर!"

"खोला!"

मी चावीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. चावी त्यांच्या खिशात होती. डिक्कीचं कुलूप बाहेरून, आणि सीटजवळून ती उघडायची दांडी गेल्याच वर्षी तुटलेली.

"भाऊ, चावी तुमच्याजवळ आहे."

आत खिसा चाचपल्याची सळसळ झाली. मग आवाज आला, "हाव. हाय माह्याजवळच."

शैला कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवला असता तरी दिसलं असतं ना!"

"वहिनी," आतून कळवळून प्रश्न आला, "मंग आंदी काऊन नाई सांगतलं?"

दुसरी चावी घरात कुठेतरी होती. शैला शोधायला आत पळाली आणि मी डिक्कीशी उभा राहिलो. सुखदेवभाऊ आतून एकसारखे बोलत होते. एक क्षण गप्प बसत नव्हते. वायर कशी आहे, स्टेपनीत हवा किती आहे, कुठला स्क्रू गंजलाय. "सर, बटन चांगलं हाय. पन झाकनाले जो रबरी गट्टू असते ना, बटन दाबनारा, तो नाई. कोनं तरी खाऊन टाकला." मग जरा थांबून, "सर, अथी लेंड्या हाय."

नेमकी त्याच क्षणी शैला किल्ल्यांचा डबा घेऊन दारात आली.

आता सांगावंच लागलं. महिन्यापूर्वी मोताळ्याच्या बाजारात आमच्या शाळेच्या शिपायाने बकरी घेतली आणि त्याचा टेम्पो चुकला. मी म्हटलं, चल, माझी गाडी आहे. झाकण दोरीने अर्धवट उघडं बांधून, मान बाहेर काढलेली बकरी आम्ही वडनेरपर्यंत आणली. शैला दोन दिवस नाक मुरडत होती, तेव्हा मी सांगितलं होतं की हा पेंडीचा वास आहे.

"पेंड का?" शैला म्हणाली.

"बकरी हाय, वहिनी!" डिक्की म्हणाली. "दाताचे निशान पन हाय!"

"कोन बोलून राह्यलं?" असा आवाज मागून आला. मोताळ्याचे बागायतदार फाटकात उभे होते. पांढरे कपडे, काखेत छोटी बॅग. ते गाडीभोवती एक चक्कर मारून डिक्कीपाशी येऊन थांबले.

"मेकॅनिक आहेत," मी म्हणालो. "आत लाइट बघताहेत."

"आन झाकन काऊन लावलं?"

"लावल्याशिवाय दिसत नाही."

"मालक, गाडी एक नंबर हाय!" आतून जोरात शिफारस आली. "बॅटरी नवी, चार्जिंग फस्कलास! फक्त बकरीनं गट्टू खाल्ला! पन सर नाई म्हनत होते!"

बागायतदारांनी बॅग या काखेतून त्या काखेत घेतली. डिक्कीकडे, लेंड्यांचा विषय निघाल्यापासून तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या शैलाकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. "सर," ते अगदी अदबीने म्हणाले, "मले फक्त गाडी पाह्यजे होती. एवढं सारं नाई." आणि ते चालू लागले.

फाटक लागल्यावर शैलाचा पदर सुटला. ती रडत नव्हती, हसत होती. पायरीवर बसून, डबा मांडीवर घेऊन ती इतकी हसली, की डब्यातली चावी शोधायला आणखी दहा मिनिटं लागली. डिक्की उघडली तेव्हा सुखदेवभाऊ घामाने निथळत होते. हातपाय सरळ करून त्यांनी आधी दोन ग्लास पाणी प्यायलं, मग जुन्या चपलेचा तुकडा कापून झाकणाला चिकटवला. त्यानंतर ती बॅटरी कधी उतरली नाही. गाडी विकायचं नावही शैलाने पुन्हा काढलं नाही. मला मात्र डिक्की दोनदा धुवावी लागली. पुढे दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं, की झाकण उघडून बल्ब गरम आहे का एवढं चाचपलं असतं तरी भागलं असतं. हे मी सुखदेवभाऊंना कधी कळू दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ते दुकान बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. मी कामानिमित्त तिकडे गेलो तेव्हा ते सोसायटीच्या फाटकाशी घ्यायला उभे होते. सोबत त्यांच्या पत्नी, कमलबाई. घर सहाव्या मजल्यावर. कमलबाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या आणि सुखदेवभाऊ माझा दंड धरून म्हणाले, "चला सर, आपन पायऱ्यानं जाऊ. गोठी होतीन." सहा मजले. गोष्टी दुसऱ्याच मजल्यावर संपल्या, पुढे फक्त दम होता.

"लिफ्ट बिघडते का?" मी वर आल्यावर कमलबाईंना विचारलं.

"लिफ्टले काय होते?" त्या पाणी देत म्हणाल्या. "त्याहिलेच बंद जागेत जीव घाबरते. लग्नापासून पाहून राह्यली मी. न्हानीची कडी लावत नाई हा मानूस, मले बाहेर उभं राहा लागते. लिफ्टचं दार लागलं का घाम फुटते."

मी सुखदेवभाऊंकडे बघतच राहिलो. पोटभर माणसासाठी तीळभर जागा नसलेली ती डिक्की आणि बाहेर चावी शोधत, हसत बसलेले आम्ही. "भाऊ, मग त्या दिवशी शिरलात कसे हो तुम्ही आत?"

ते अजून धापा टाकत होते. कपाळावरचा चष्मा चाचपून त्यांनी डोळ्यांवर आणला.

"लाइट चालू असन, असं पक्कं वाटलं होतं ना मले," ते म्हणाले. "माहं निदान चुकलं असतं, सर, तं मी तथीच मेलो असतो."