बद्द वाजलेली मूस

मूस वाजवून बघितल्याशिवाय भट्टीत ठेवायची नाही, ही आमच्या ओतकामातली पहिली शिकवण. मूस म्हणजे पितळ वितळवायचं जाड काळं भांडं. शिसपेन्सिलीत असतं तेच ग्रॅफाइट त्यात मातीबरोबर मिसळलेलं असतं. मूस धड असली तर खणकन वाजते. त्या सकाळी माझी बद्द वाजली, म्हणजे कुठेतरी भेग होती. मी पुन्हा वाजवली, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर ती उत्तर बदलणार होती.

यवतमाळात माझं काम कापसाच्या जिनिंग मशीनचे बुश, म्हणजे दांडा फिरतो त्या पितळी कड्या, ओतण्याचं. बुश फसला तर पुन्हा ओतता येतो. पण त्या दिवशी समोरच्या खुर्चीवर बाभुळगावच्या एक निवृत्त नर्सबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्यांच्या आईचा पाणी भरायचा पितळी गुंड होता. दीक्षा घेतल्यानंतर त्या माउलीनं स्वतःच्या मजुरीतून घेतलेलं पहिलं भांडं. त्याची बुद्धमूर्ती करून विहारात ठेवायची होती. दुसरं पितळ चिमूटभरही नको, ही बाईंची अट. बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

नवी मूस मी महिनाभर मागत होतो. नागपूरचा व्यापारी फोनवर रोज तोच पाढा वाचायचा. "भाऊ, चीननं ग्रॅफाइटले परमिट लावलं. जे येते थे बॅटरीवाले उचलून नेतेत. मी कुठून आणू?" तिकडे कोणीतरी सही अडवून बसतो आणि इकडे माझी भट्टी उपाशी, याचा मला भयंकर राग यायचा. बायको मात्र दारातल्या माझ्या नव्याकोऱ्या बॅटरीच्या स्कूटरकडे बोट दाखवायची. "तुमची मूस थे पाहा, तिच्या पोटात हाय. बसा तिच्यावर."

मी भेगेवर माती लिंपली. एवढं एक ओतकाम निघेल, असं स्वतःलाच बजावलं. गुंड कापायला घेतला तेव्हा बाईंनी मान फिरवली.

पितळ पाण्यासारखं पातळ झालं. सांडशीनं मूस उचलली आणि तिच्या बुडाशी लाल धार दिसली. काही सुचायच्या आत निम्मं पितळ निखाऱ्यांत गेलं. उरलेलं मी घाईनं जमिनीवरच्या वाळूत ओतलं. 

"झालं का भाऊ?" बाईंनी मागून विचारलं.

मध्ये माझी पाठ होती, त्यांना काही दिसलं नव्हतं. कोपऱ्यात जुन्या बुशांचं पोतं पडलं होतं. त्यातलं पितळ भरीला घातलं असतं तर मूर्तीनं काही तक्रार केली नसती. माझा हात पोत्यापर्यंत गेला होता, हे मी आजही नाकारत नाही. पण त्यांनी फिरवलेली मान डोळ्यांपुढून जाईना.

मी वळलो. "मूस फुटली, ताई."

"तुमाले मालूम होतं?"

"हो. सकाळी वाजवली तवाच."

त्या उठल्या. आता कानाखाली देतात, असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. "माह्या मायचं भांडं होतं थे," एवढंच म्हणाल्या. भट्टी गार झाल्यावर पदर खोचून राखेपाशी बसल्या. दुपारभर आम्ही दोघं राख चाळत होतो. पितळेचे मणी निघत होते, काही कोळशाला चिकटलेले. वाळूतलं धरून निम्म्याच्या वर हाती लागलं. बाकीचं गेलं ते गेलंच.

"सोनाराची लहान मूस आणतो ताई," मी खाली बघत म्हणालो. "पण ठरली तेवढी मूर्ती नाही होनार. वीतभरच होईन."

बाईंनी ओंजळीतले मणी माझ्यापुढे केले.

"होऊ द्या वीतभर," त्या म्हणाल्या. "माय बी लहानखुरीच होती. गुंड डोक्शावर घेतला का खाली दिसेच ना."