दोन माहेरांचं पाणी

समुद्र काढायला मी शिकले ती शेवगावात.

माझं माहेर गुहागरच्या अलीकडचं, खाडी समुद्राला मिळते तिथलं. मागच्या दारातून बाहेर पडलं की सुरूचं बन आणि बन संपलं की वाळू. पण तिथे राहत होते तोवर हातात कधी ब्रश धरला नाही. उठल्यापासून निजेपर्यंत जे समोर असतं त्याचं चित्र कशाला काढायचं? मग लग्न होऊन घाटावर आले, मुलं झाली, मोठी होऊन पुण्याला गेली. दुपारचं घर इतकं गप्प व्हायला लागलं की गावातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे मी जलरंग शिकायला जाऊ लागले.

सर रविवारी आम्हा चार-पाच जणांना जायकवाडीच्या फुगवट्यावर न्यायचे. धरणाचं पाणी मागे पसरत आमच्या तालुक्यापर्यंत येतं, त्याला इकडे फुगवटा म्हणतात. पाणी भरलेलं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही. पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. नंतर काढायला लागले तर कागदावर लाटा आल्या, ओली वाळू आली, एका कोपऱ्यात सुरूची झाडंही आली. सर मागे येऊन उभे राहिले.

"ताई, या पाण्याला भरती येत नाही," ते म्हणाले. "समोर जे आहे ते काढा."

मी समोरचं काढायला बसायची आणि होऊन जायची खाडी.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण माझी चित्रं बाजेवर वाळायला ठेवलेली असली की एकेक हातात घेऊन बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ह्यो फुगवटा न्हाई. तुझं माहेर हाय ह्ये." मी हसले. तुम्हीही चला एखाद्या रविवारी, असं मी त्यांना कितीदा तरी म्हटलं. दर वेळी त्यांचे गुडघे दुखत असायचे.

आई-बाबा गेल्यानंतर माझ्या भावाने गावाकडचं घर विकलं. तो मुंबईत, मी इथे, घराला बघणार कोण? त्याचं काही चुकलं नव्हतं. मी फोनवर "बरं केलंस" म्हटलं आणि त्या दिवशी भाकरी तव्यावर करपवली. मग काही वर्षं तिकडे गेलेच नाही. जाऊन उतरायचं कुठे? आपल्याच गावात भाड्याची खोली घ्यायची, हे मनाला पटेना.

मागच्या हिवाळ्यात एकदा सकाळी चहा पिताना आत्यांनी विचारलं, "तिकडं का जाईना झालीस गं?"

"घर राहिलं नाही ना आत्या आता."

"मंग? समिंदर बी इकला का तुझ्या भावानं?"

मी कप खाली ठेवला. त्याच पुढे म्हणाल्या, "मला बी ने. ऐंशीला टेकले, अजून समिंदर बघितला न्हाई."

आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, गाडी काढली. कराडवरून कुंभार्ली घाट उतरलो तसा आत्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "हवा वली लागतीया," म्हणाल्या. मीही माझ्या बाजूची काच खाली केली.

शेजारच्या वाडीत एका घरी राहायची-जेवायची सोय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गाडीतली घडीची खुर्ची घेऊन आले, आत्यांना वाळूवर बसवलं आणि चहा शोधायला गेले. मी थोडं पुढे खडकावर बसले, मांडीवर फळी घेतली, कागद ओला केला. इतकी वर्षं जे आठवून काढत होते ते आज समोर होतं. डावीकडे खाडीचं तोंड, पलीकडच्या डोंगरावर धुकं, मधे एक होडी.

आणि मला ते काढता येईना. शेवगावच्या हवेत रंग लावला की ब्रश उचलेपर्यंत सुकतो, म्हणून माझ्या हाताला घाईची सवय. इथे कागद वाळतच नव्हता. आभाळाचा निळा डोंगरात उतरला, डोंगराचा तपकिरी पाण्यात गेला, होडी तर फुटून पसरली. दुसरा कागद घेतला, त्याचंही तेच. मी थांबून वाट बघायला हवी होती, पण थांबायला हात शिकलेलाच नव्हता.

खडकांवरच्या शिंपल्यांतली कालवं काढणारी एक बाई जवळ आली. माझ्याच वयाची असेल. कागदाकडे बघून तिने विचारलं, "कुठनं आलाव?"

"शेवगावहून," मी म्हणाले. "नगर जिल्ह्यात आहे."

"लांबनं आलाव मग," ती म्हणाली आणि निघाली.

मी इथलीच आहे, हे ओठांपर्यंत आलं होतं. पण मागचं घर दुसऱ्याचं, हातात ओला कागद, पायात घाटावरची चप्पल. सांगायचं कशाच्या जोरावर?

तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला, शेतात हाक मारतात तसा. "अवो बाई! थांबा जरा. ती इथलीच हाय! त्या झाडांमागं घर हुतं हिचं. हिचा बाप साळंत मास्तर हुता!"

ती बाई वळली. माझ्याकडे निरखून बघितलं. "मास्तरांची धाकटी?"

मी मान हलवली. तिने टोपली खाली ठेवली आणि खडकावर माझ्या शेजारी येऊन बसली. ती माझ्या एक वर्ग पुढे होती. तिला माझ्या आईच्या हातची फणसाची भाजी आठवत होती, मला तिच्या दोन वेण्या. आमच्या घराच्या जागी आता पर्यटकांना राहायच्या खोल्या बांधल्यात, विहीर तेवढी ठेवलीय, असं तिने सांगितलं. "बघायचीय?" तिने विचारलं. मी नको म्हणाले. तिने आग्रह केला नाही.

ती गेल्यावर आत्या म्हणाल्या, "मला पान्याशी ने."

मी त्यांना धरून नेलं. पहिली लाट पायावर आली आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेऊ लागली, तशी त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. "अगं, वढतंय मला ह्ये!" भीती होती आवाजात, पण त्या हसतही होत्या. आणखी दोन लाटा पायांवरून गेल्या. मग समोर बघत त्या एकदम म्हणाल्या, "तुझं घर इकलं गं, पर गाव तरी हाय. माझं गावच पान्यात हाय."

मला ठाऊक नव्हतं असं नाही. आत्यांचे भाऊ पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात, हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दिवाळीला आम्ही तिथे जायचो. सरळ आखलेले रस्ते, एका मापाचे प्लॉट. आत्यांचं माहेर म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते. त्याआधी एक गाव होतं आणि ते जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं, हे कानावरून गेलं होतं. पण मी रविवारी जाऊन ज्या पाण्यात माझा समुद्र काढत होते, ते पाणी आणि हे गाव मी कधी एका जागी ठेवून बघितलं नव्हतं.

"म्हणून तुम्ही फुगवट्यावर येत नव्हता?"

"गुडघे बी दुखत्यात," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा काढायला बसले. एक चित्र बऱ्यापैकी झालं. त्यात नुसतं पाणी आहे आणि आभाळ. परत निघताना मला वाटलं होतं रडू येईल, पण घाट चढून वर येईपर्यंत मी आत्यांकडेच बघत होते. त्या झोपल्या होत्या.

मे महिन्यात पाणी खूप मागे हटल्याचं सरांकडून कळलं. आत्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या होत्या.

पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन मैलभर सपाट होती. गाळ वाळून भेगाळलेला. कुठे कुणी काकड्या-टरबुजं लावलेली, कुठे नुसते दगड. आत्यांनी काठी उचलून दाखवलं, "त्या तिथं असंल." थोड्या वेळाने, "न्हाई, तिकडं." मग काठी खाली टेकवली. कुठे बोट दाखवावं अशी एकही खूण उरली नव्हती. ऊन वाढत चाललं होतं. मी परत चला म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

"काय काढू?"

"येस काढ आदी."

मी गाडीच्या सावलीत बसून वेस काढली. मग त्या सांगत गेल्या. वेशीतून आत आलं की मारुती. मारुतीच्या उजव्या अंगाला कडुलिंब. लिंबाच्या पुढे त्यांच्या काकांचं घर, मग त्यांचं. मारुतीपर्यंत त्यांचा आवाज अगदी साधा होता. लिंबापाशी बदलला. मी तो काढला, हिरवा भरला, त्यांना दाखवला.

"ह्यो न्हाई. लई ल्हान झाला."

मी मोठा केला.

"अजून."

फांद्या वाढवल्या. हिरवा रंग काकांच्या घरावर गेला, मग त्यांच्या घरावर. कागद संपत आला, घरांना जागाच उरली नाही. मी थांबून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, "ल्हानपणी खालून बघितलं की ह्योच तेवढा दिसायचा."