साहेबाचा वेत

"आत्या, आबा गेले," असा पिंपळवंडीहून विलासचा, माझ्या भाच्याचा, फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तो वेत त्यांच्याबरोबर सरणावर ठेव रे." थोरला भाऊ गेल्याचं रडू नंतर आलं, आणि खरं सांगते, फारसं आलं नाही. गेलेल्या माणसाचं चांगलंच सांगायचं असतं... मग आबांवर लिहायलाच नको!

वेत मूळचा एका इंग्रज साहेबाचा. नदीवरच्या दगडी पुलाच्या कामावर आमचे आजोबा मुकादम होते. साहेबाच्या घोड्याला पाणी उशिरा दिलं म्हणून त्यानं आजोबांना मजुरांसमोर फोडून काढलं आणि बदली होऊन जाताना तोच वेत बक्षीस दिला. आजोबांनी तो मिरवत घरी आणला. त्यांची पाठ चोळताना ते वण मी लहानपणी बोटांनी चाचपलेत. दर खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, फाळ यांच्या ओळीत वेतालाही हळदकुंकू लागायचं. एरवी तो खुंटीला असायचा, आणि आबांच्या हाती आल्यावर बायको, पोरं, बैल, सगळ्यांवर चालला.

मी जुन्नरला शाळेत इतिहास शिकवायचे. माहेरी गेले की आबा मुद्दाम विषय काढायचे. "इंग्रजानं लुटलं म्हून शिकवतीस व्हय? मग पूल कुणी बांधला?"

"दगड आपल्याच माणसांनी वाहिले, आबा."

"वेत व्हता म्हून वाहिले! न्हाईतर बिड्या फुकत बसली असती."

आजोबांच्या पाठीचं काढलं की हसायचे. "चुकलं, मार बसला. त्यात काय लई मोठं?" एकदा याच वादात वहिनीनं चहा आणला, तो गार झाला होता. आबांनी खुंटीकडे नुसतं पाहिलं... आणि साठी उलटलेल्या त्या बाईनं आपण होऊन वेत काढून त्यांच्या हातात दिला. मला शिसारी आली. मी उठून गेले. आबांना वाटलं, वाद तेच जिंकले.

विलासनं वेत सरणावर ठेवला नाही. "गडबडीत राहिलं, आत्या." मी विश्वास ठेवला. याच पोराच्या पोटऱ्या त्या वेतानं सोललेल्या मी पाहिल्या होत्या. खंडेनवमीला गेले, तर दुखवट्याच्या घरातही हत्यारं मांडलेली, आणि ओळीत वेत, तेल लावून चकचकीत. मी तो उचलला आणि चुलीकडे निघाले. विलासनं माझं मनगट धरलं, अगदी आबांसारखं.

"राहू दे आत्या. घरात पोरं हायेत अजून."

ओढाताणीत वेताचं कुंकू पुसलं गेलं होतं. वहिनीनं तो माझ्या हातून घेतला, ओळीत ठेवला, आणि स्वतःचं कपाळ मोकळं असलेल्या तिनं त्याला पुन्हा कुंकू लावलं.