कळशी रांगेत आहे

चंद्रप्रकाश घाडीगावकर अंधेरीच्या एमआयडीसीत, एका प्रशिक्षण संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, न दिसणाऱ्या गोष्टी बांधायला शिकवतात. बँकेच्या नाहीतर विमा कंपनीच्या पडद्यावर आपण बटण दाबतो, तेव्हा मागे कुठेतरी सर्व्हरवर एखादा कंपोनंट, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, जागा होतो, आपलं काम करतो आणि पुन्हा अंधारात जाऊन बसतो. त्याला चेहरा नसतो. हाक मारली की उठायचं, एवढंच त्याला ठाऊक.

"चाळीतल्या मागच्या खोलीतल्या माणसासारखा," सर सांगतात. मुलं हसतात. चाळीत राहिलेलं आता वर्गात कुणी नसतं.

बाकीचे शिक्षक सरावाला उदाहरण म्हणून विमानाचं तिकीट घेतात, ग्रंथालय घेतात. सीपी सर नळ घेतात. घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्यांच्या चाळीला एकच नळ होता आणि पाणी दुपारी यायचं. त्याआधीच माणसं रांगेत भांडी लावून कामाला निघून जात. भांडं उभं म्हणजे माणूस उभा. भांड्याचा मालक आला नाही तर मागचा ते भरायचा आणि बाजूला ठेवायचा. रांगेतून मात्र कुणी कुणाचं भांडं काढायचं नाही. हा चाळीचा नियम. तोच प्रत्येक बॅच कोडमध्ये लिहिते.

सरावाची नावंही चाळीतलीच. दर थोड्या वेळाने सर्व्हर पाळी पुकारतो आणि भिंतीवरच्या पडद्यावर उमटतं: नळावर काशीराम. मग नळावर जयंती. काशीराम गेला, जयंतीमावशी गेली. चाळही गेली. तिथे टॉवर आहे, आणि नळ होता तिथे मोटारी उभ्या असतात. पण वर्गाचे दिवे लागले की पाणी येतं. मेलेली माणसं गुपचूप आपापली पाळी घेतात आणि एसीच्या गार हवेत नाहीशी होतात.

अधूनमधून उमटतं: नळावर अबोली. तिच्या नावापुढे दर वेळी 'गैरहजर' येतं आणि पाणी मागचा भरतो.

अबोली सरांची धाकटी बहीण. एका दुपारी तिने आपली निळी प्लॅस्टिकची कळशी रांगेत लावली. "दादा, चप्पल शिवून आणतंय. माझी कळशी बघ रे, नंबर इलो तर भर," म्हणाली आणि उतार उतरून गेली. नंबर आला. दादाने कळशी भरली. कळशीशेजारी तो उभा राहिला, ऊन जाईपर्यंत. चांभार म्हणाला, अशी कुणी मुलगी आलीच नाही. पोलीस झाले, गावाकडचे नातेवाईक झाले, देवाला कौल लावून झाला. ती सापडली नाही, आणि तिचं काही झाल्याचंही कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने कळशी रांगेत ठेवली. चाळ होती तोवर रोज ठेवली. मागचा माणूस ती भरत राहिला.

सर कंपोनंटमध्ये माणूस घालायला शिकवतात, शोधायला शिकवतात, त्याची माहिती बदलायला शिकवतात. काढायला शिकवत नाहीत. "ते आपोआप येतं," म्हणतात.

संस्थेची मॅनेजर रुचिरा तिशीची, स्पष्ट बोलणारी. या सोमवारी तिने त्यांना दारातच गाठलं.

"सर, क्लायंटची तक्रार आली आहे. तुमच्या मुलांना रिमूव्ह लिहिता येत नाही म्हणे. बंद झालेली खाती तशीच पडून असतात."

"पुस्तकात आहे की."

"पुस्तकात सगळंच आहे, सर. मग तुम्ही कशाला?" मग आवाज उतरवून, "आज शिकवा ना प्लीज. नाहीतर पुढची बॅच दुसऱ्याला जाईल. मला थांबवता येणार नाही."

रुचिरा मागच्या बाकावर येऊन बसली. सरांनी फळ्यावर 'रिमूव्ह' लिहिलं. खडू दोनदा तुटला. मुलं लिहू लागली. सगळ्यात आधी यज्ञेशचं झालं. डोंबिवलीचा, कमी बोलणारा.

"कुणाला काढून बघू, सर?"

श्रुतिका लगेच म्हणाली, "त्या अबोलीला काढ रे. कायम गैरहजर! सर, कोण आहे ही? बाई कधी येतच नाही, हिचं पाणी दुसऱ्यांनी भरायचं. भारी आहे ना!"

वर्ग हसला. रुचिराही हसली. सर हसले नाहीत, पण नको असंही म्हणाले नाहीत.

यज्ञेशने नाव दिलं, बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली.

काढता येत नाही. कळशी रांगेत आहे.

"प्रोग्राममध्ये बग!" श्रुतिका ओरडली. "वाट लागली याची."

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ना," यज्ञेश चाचरत म्हणाला. "भांडं उभं म्हणजे माणूस उभा. म्हणून मी आधी ते तपासलं."

"बरोबर आहे," सर म्हणाले. "बरोबर लिहिलंयस."

"मग काढायचं कसं?" मागून रुचिराने विचारलं.

सर यज्ञेशच्या खुर्चीत बसले. त्यांनी बोटं कीबोर्डवर ठेवली. पडद्यावर पाळी बदलली: नळावर अबोली. भिंतीवरचं ते नाव त्यांच्याकडे पाहत होतं, उतारावरून वळून बघावं तसं.

"आधी कळशी उचलायची," ते म्हणाले. "मग माणूस."

त्यांनी कळशी उचलली. मग माणूस. लाल ओळ आली नाही. थोड्या वेळाने पडद्यावर आलं: नळावर काशीराम.

"झकास," श्रुतिका म्हणाली. रुचिराने अंगठा वर केला आणि ती निघून गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सर पडद्याकडे बघत होते. नावं फिरून फिरून येत होती. एक सोडून.

संध्याकाळी ते घरी आले. घर चाळीच्या जागी उभ्या त्याच टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. नळाला दिवसभर पाणी असतं. आई रत्नप्रभा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. निळी कळशी सिंकखाली असते. तिचा रंग आता राखेसारखा झाला आहे. आई ती रोज भरते आणि दुसऱ्या दिवशी झाडांना ओतते. सरांनी आजवर त्या कळशीला घरात हात लावला नव्हता. आईशी त्यावरून त्यांची भांडणं झाली होती.

"आज कंबर धरलीहा," आई म्हणाली. "कळशी तशीच रवली."

सर वाकले. कळशी बाहेर काढली, विसळली, नळाखाली धरली. पाण्याचा आवाज तळापासून वर येऊ लागला. आई मागे येऊन उभी राहिली. पाणी गळ्याशी आलं तेव्हा तिने त्यांच्या दंडाला हात लावला.

"काठापर्यंत भरू नको रे," ती म्हणाली. "तिका उचलूक जमाचा नाय."

सरांनी नळ बंद केला. थोडं पाणी ओतून टाकलं.